थेंबभर पेट्रोल नाही

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास सिद्धेश कदम मानपाड्यातल्या आपल्या सोसायटीच्या आवारात, जुन्या व्हॅनखाली उताणा पडला होता. बॅटरीची तार काढलेली, मागची चाकं लोखंडी घोड्यांवर उचललेली, टाकीखाली जॅक टेकवलेला. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं फिटर म्हणून काढलेली. पेट्रोलची टाकी बदलायला ह्याला गॅरेज कशाला लागतंय? पण खरं सांगायचं तर विकी मेकॅनिकने हात टेकले, म्हणून ही वेळ आली होती.

"काका, टाकीला भोक नाय, पाइपला नाय, कुठंच नाय," विकी म्हणाला होता. "तीनदा चेक केलं मी. पेट्रोल जातं कुठं, ते तुम्हीच सांगा आता."

सिद्धेश काय सांगणार, कपाळ! शुक्रवारी भरलेलं पेट्रोल रविवारी दुपारी दोनला नाहीसं व्हायचं. खाली ओल नाही, वास नाही. त्याने झाकणाला कुलूप लावून पाहिलं. एका रविवारी तर तो किल्ली लावून गाडीतच बसून राहिला. दोनला पाच मिनिटं कमी होती तेव्हा काटा अर्ध्यावर होता. दोन वाजले आणि तो शून्यावर आला. घाईने पडला नाही, बसल्यासारखा खाली आला. दोनच का, हे मात्र सिद्धेशला पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढंच तो कुणाला सांगत नव्हता.

मागच्या वर्षीचा असाच रविवार. दुपारचे दोन वाजलेले, जेवून तो आडवा झाला होता. खालून राघोदादाने हाक मारली.

"सिद्धू, छातीत जळजळतंय रे. डॉक्टरकडे सोडतोस का जरा?"

राघोदादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा भाऊ, तळमजल्यावर राहणारा. वडील गेल्यावर टेम्पो चालवून त्यानेच ह्याचं आयटीआय पूर्ण केलं होतं. पण दर पंधरा दिवसांनी त्याच्या छातीत जळजळायचं आणि दर वेळी निघायचा तो गॅस. सिद्धेशचे डोळे जडावले होते. त्याने खिडकीतून नुसतं डोकं बाहेर काढलं.

"दादा, गाडीत थेंबभर पेट्रोल नाही."

सकाळीच टाकी फुल केली होती त्याने.

"बरं बरं. असू दे रे, असू दे," दादा म्हणाला. गाडीवर एक हात टेकून तो मागच्या चाकापाशी वाकला. चप्पल सारखी करत असेल, असं सिद्धेशला वाटलं. मग दादा आणि मायावहिनी फाटकाकडे गेले, रिक्षात बसले. मानपाड्याच्या नाक्यावरच्या गर्दीत ती रिक्षा अडकली ती अडकलीच. दादा तिथेच गेला, वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायच्या, "भाऊजी तरी काय करणार? पेट्रोलच नव्हतं गाडीत." त्या असं म्हणाल्या की सिद्धेशला पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. पण जीभ कधी उचलली नाही.

आई घरात कधी 'तेल संपलं' म्हणायची नाही. 'तेल आणायला झालंय' म्हणायची. असलेल्या वस्तूला नाही म्हटलं की वास्तू तथास्तु म्हणते, असं तिचं ठाम मत. सिद्धेश तिला हसायचा. मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस तो, त्याला वास्तूचं काय!

जुनी टाकी खाली उतरली. त्याने ती भिंतीशी उभी केली आणि बोटाच्या पेराने वाजवून बघितली. ही दादाचीच सवय. टेम्पोचा काटा कायम बिघडलेला, म्हणून दादा वाकून अंगठीने टाकीवर दोनदा टकटक करायचा. रिकामी टाकी खणखणते, भरलेली बद्द वाजते. जुनी टाकी खणखणली. सिद्धेशने तीत पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही.

त्याने नवी टाकी जॅकवर चढवली, पट्टे आवळले, पाइप जोडले. शेवटचा नट फिरवताना डोक्यापाशी आवाज आला.

टक टक.

नव्या टाकीत अजून थेंबसुद्धा गेला नव्हता. तरी आवाज बद्द होता.

तो सरपटत बाहेर आला. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही हातांत चहाचा ट्रे.

"तुम्ही वाजवलं का काही?"

"नाही बाई. का हो?"

"काही नाही," तो म्हणाला आणि गरम चहा तसाच घशाखाली ढकलला.

सिद्धेशने चाकं खाली घेतली, बॅटरीची तार जोडली. विकीने कॅनमधून दहा लिटर आणून ओतलं. काटा वर आला. विकी खूश होऊन गेला. सिद्धेशने हातपाय धुतले, पण जेवला नाही, गाडीतच बसून राहिला. दोन वाजले. काटा बसल्यासारखा खाली आला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं.

तेवढ्यात वहिनी चौकटीला धरून बाहेर आल्या. चेहरा घामाने डबडबलेला.

"भाऊजी, गाडी झाली का? छातीत जळजळतंय हो."

सिद्धेश उडी मारून गाडीतून उतरला. त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पुन्हा किल्ली मारली. घरघर. पुन्हा मारली. घरघर.

"रिक्षा बघतो वहिनी, दोन मिनिटांत..."

"रिक्षा नको," वहिनींनी त्याचं मनगट पकडलं. "रिक्षा नको हो."

"वहिनी, गाडीत पेट्रोल ना..."

शब्द दातांत अडकला. तेच वाक्य, तीच वेळ. लाजेने त्याचे कान तापले.

"आहे," तो म्हणाला. "पेट्रोल आहे. त्या दिवशीही होतं. टाकी फुल होती, वहिनी. मला झोप आली होती म्हणून मी खोटं बोललो."

वहिनींनी डोळे मिटले.

"माहीत आहे मला. ह्यांनी वाकून वाजवली होती ना टाकी. रिक्षात म्हणाले, भरलेली आहे. पण सिद्धूला बोलू नकोस कधी, लाजेल तो."

म्हणजे वर्षभर ह्या बाईने चारचौघांत आपल्यावर पांघरूण घातलं, आणि आपण ते खुशाल ओढून झोपलो!

"चला आता," वहिनी म्हणाल्या.

त्याने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. काटा चढत गेला तो थेट फुलच्या खुणेवर. टाकीत होतं दहा लिटर.

हॉस्पिटलात वहिनींना आत घेतलं. तासाभराने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत हो. थोडा जरी उशीर झाला असता तरी अवघड होतं." त्याची बायको, रचना, मागोमाग येऊन बाजूलाच उभी होती. तिने कौतुकाने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

वहिनी घरी आल्या, हिंडूफिरू लागल्या. ह्या गोष्टीला चार महिने झाले. सिद्धेश त्याच गाडीने रोज वागळे इस्टेटला जातो. काटा फुलवरून हललेला नाही. पेट्रोल पंप आला की तो समोर न बघता पुढे काढतो.

रविवारी दुपारी मात्र तो झोपत नाही. खिडकीत उभा राहतो. बरोबर दोनला खाली कुणी दिसत नाही, पण टाकीवर अंगठी वाजते.

टक टक.

"आहे दादा!" सिद्धेश ओरडतो. "पेट्रोल आहे! थांब, आलो मी!"

तो चप्पल न घालता जिना उतरतो. दर वेळी शेवटची एक पायरी उरतेच.

तोवर दादाच्या चपलांचा आवाज फाटकाकडे निघालेला असतो. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येतो.

"असू दे रे," दादा म्हणतो. "असू दे."