खाडीचं तोंड चाललं कुठे?

तोंड तेवढंच रुंद, तेवढंच खोल. मग यंदा होड्या तळाला घासतात कशा?

पडद्यावरच्या आकड्यांचा शाल्मलीला राग येत होता. ती उभी होती ते चांदरबेट म्हणजे रोधक बेट (किनाऱ्याला समांतर पसरलेला, लाटा अडवणारा वाळूचा पट्टा). ते एका जागी फुटलेलं होतं. त्या फटीला सगळे तोंड म्हणत. होड्या तिथूनच खाडीत शिरत. ‘कुर्ली’ म्हणजे खेकड्यासारखा यंत्रमानव; ती बेटावरच्या आपल्या चौकीतून निघून तळावरून चालत ते तोंड मोजायची.

समुद्र फुगला होता, ओहोटी लागली होती आणि बाबाची होडी अजून बाहेरच होती. येताना ती वाळूत रुतली, तर मागची लाट तिला उलटी करणार.

“आत्या, त्याला बाहेरच थांबायला सांग ना!”

“थांबेल कुठे? मागून वादळ येतंय.” वैजूआत्या बाबाची धाकटी बहीण, किनाऱ्यांची अभ्यासक. तिची नजर होडीवरून हलत नव्हती. “कुर्ली, पुन्हा सांग.”

“रुंदी एकशे ऐंशी मीटर. खोली चार मीटर. बदल नाही. बॅटरी कमी, चालणं लांबलं.”

“हिचं आपलं बॅटरीचंच रडगाणं!” आत्या करवादली.

शाल्मली मात्र थबकली. “चालणं का लांबलं गं? तुझी चौकी तर आहे तिथेच आहे. मग सरकलं कोण?”

आत्या गर्रकन वळली. “कुर्ली, चौकीपासून तोंडाची कड किती लांब?”

“पाच वर्षांपूर्वी दोनशे नव्वद मीटर. आज तीनशे सत्तर.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारलं नाहीत.”

आत्याने वाळूत भराभर दोन काठ काढले. “लाटा तिरक्या येतात. प्रत्येक लाट थोडी वाळू दक्षिणेकडे ढकलते. हा तटवर्ती प्रवाह (किनाऱ्याच्या कडेकडेने वाहणारं पाणी आणि वाळू). ती वाळू उत्तरेच्या काठाला साचते. भरती-ओहोटीच्या पाण्याला वाट तर हवीच, म्हणून ते दक्षिणेचा काठ कुरतडतं.”

“एक काठ जेवढा वाढला, तेवढाच दुसरा खचला. रुंदी तीच, पण तोंड चालत निघालं! आणि खुणेचे खांब?”

खाडीपलीकडचे दोन पांढरे खांब एका रेषेत दिसले, की तोंड समोर. सगळे तसेच आत येत. आता ती रेष थेट वाळूच्या उंचवट्यावर जात होती.

आत्याने वायरलेस उचलला. “दादा, खांब जुळवू नकोस!”

“काय सांगतस? बापाशीन पुरलेले खांब ते!”

“बाबा, तोंड दक्षिणेला सरकलंय,” शाल्मली ओरडली. “कुर्ली मधोमध जाऊन दिवा वर सोडेल. त्याच्यावर ये!”

पलीकडून नुसती खरखर. वाळूत बसलेली कुर्ली उठली.

“बॅटरी पुरेल?” शाल्मलीने विचारलं.

“जायला पुरेल. यायला नाही.”

“आम्ही ओढून काढू तुला. जा!”

कुर्ली पाण्यात दिसेनाशी झाली. होडी मात्र खांबांच्या रेषेतच येत राहिली. मग लाटांवर पिवळा दिवा डुचमळला. होडीचं नाक जरासं वळलं, थांबलं आणि पुरतं दक्षिणेला वळलं. तिने सोडलेल्या रेषेवर एक लाट पांढरीफेक फुटली. आत्याने शाल्मलीचा हात इतका घट्ट धरला, की तो दुखला. होडी दिव्याला वळसा घालून शांत पाण्यात आली.

वादळ सरल्यावर दोरी टाकून त्यांनी कुर्लीला बाहेर काढलं. मग आत्याने नवी रेष आखून दिली आणि बाबाने वडिलांचे खांब स्वतःच उपटले.

“खड्डो जरा खोल घेवया,” तो पहार उचलत म्हणाला.

“खोल नको, बाबा,” शाल्मली म्हणाली. “तोंड कुठे गेलं ते आता दरवर्षी मोजायचंय. खांबही तिकडे न्यायचेत.”