टोपलीत न आलेले मासे

फोन आला तेव्हा एंजेला साळवे भिंगारच्या घरी चहा गाळत होती. पलीकडे मत्स्यविभागाचे साहेब होते. सकाळी सकाळी त्यांचा आवाज चढला, म्हणजे कुणाची तरी धडगत नसे.

"आंबेदऱ्याच्या तलावात मरळ मासे मरून काठाला लागलेत. अंगभर लाल फोड! आणि तुम्ही गेल्या आठवड्यात लिहून दिलंत, आजार नाही?"

"तीस मासे तपासले, सर. एकालाही फोड नव्हता."

"तीनशे घ्यायचे होते! आडात असतं तर पोहऱ्यात आलं असतं."

अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये तिनं हिशेब पुन्हा मांडला. तलावातला दहातला एक मासा जरी आजारी असता, तरी तिसांत एखादा सापडायला हवा होता. एकही न सापडणं शंभरात चारेक वेळाच घडतं. नशीब इतकं वाकडं असेल, हे तिला पटेना.

मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी अजिनाथ आपल्या लाल विटांच्या घरापुढे वाट पाहत उभा होता. मागचं शेततळं कोरडं पडलं होतं, तळ पांढुरका दिसत होता.

"तुमचा दोष न्हाई, मॅडम. त्या दिशी होडीवाल्या मालनबाईनं चांगलं चांगलं निवडून दिलं. दुपारच्या मीटिंगमधी तिची होडी बंद करतोय."

एंजेलाचं लक्ष त्याच्या चुन्यानं माखलेल्या चपलांकडे गेलं. "चुना लावताय वाटतं?"

"व्हय, घराला."

एंजेला काठावर गेली. तीन होड्यांतून दहा-दहा मासे घ्यायचं ठरलं होतं, हे तिला आठवत होतं. त्या दिवशी अजिनाथनंच सांगितलं होतं, बाकीच्यांची जाळी फाटलीत, मालनबाईच्या एका होडीवर भागवा. आणि तिनं भागवलं होतं.

मालनबाई होडीतलं पाणी उपसत होती. डोळे रडून सुजले होते.

"मावशी, मासे निवडले होते का?"

"लेकराची आन, एक बी न्हाई. जाळ्यात आलं त्ये समदं टोपलीत टाकलं. होडी ग्येली तर म्या काय करू, मॅडम? दुसरं काय येतंय मला?"

बाई खोटं बोलत नव्हती. हिशेबही खोटा नव्हता. मग दोन्ही एकदम खरं कसं?

"चला," एंजेला होडीत चढली. "मला जाळं ओढून दाखवा."

जाळं वर आलं. एक मरळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या पाठीवर लाल फोड होता. मालनबाईनं ती कपाळाला लावली, काठावरच्या शेंदूर फासलेल्या सात दगडांकडे पाहिलं आणि अलगद पाण्यात सोडून दिली.

"हे काय केलंत?"

"काय केलं? पान्यातल्या साती आसरांचा हाय त्यो. अंगावर त्यांची निशानी आसली की होडीत घ्यायचा न्हाई."

"त्या दिवशीही सोडले?"

"मंग? त्ये कुटं आपलं आसत्यात? आपल्या जाळ्यात आलं आसं धरायचंच न्हाई."

एंजेलानं टोपलीकडे पाहिलं. या टोपलीतून तीनशे मासे घेतले असते, तरी उत्तर शून्यच आलं असतं.

काठावर दुसऱ्या होडीवाला मोझेस जाळं वाळवत होता. तिनं त्याला गाठलं.

"तुम्हीही फोडवाला मासा सोडता?"

"न्हाई. आमी चर्चला जानारी मानसं. काठावर खड्डा करून पुरतो. अजिनाथला तपासनीच्या आदीच सांगितलं हुतं, मासं बिघडल्यात म्हनून."

"मग माझ्या तपासणीला का आला नाहीत? जाळं फाटलं होतं?"

"जाळं? धडधाकट हाय की. दोर आनायला त्यानंच राजूरला धाडलं मला."

दुपारी सोसायटीच्या ओसरीवर सगळे जमले. मालनबाई एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. एंजेला उभी राहिली.

"मालनबाईंनी काही लपवलेलं नाही. त्यांनी रीत पाळली, एवढंच. पण ती रीत कुणाला पक्की ठाऊक होती? आजारी मासा जिच्या टोपलीत येणारच नाही, तीच होडी कुणी नेमून दिली? आणि मासे पुरणाऱ्या मोझेसला त्याच दिवशी राजूरला कुणी पाठवलं?"

"उगा साप म्हनून भुई धोपटू नका," अजिनाथ गुरगुरला.

"तुम्ही घराला चुना लावताय म्हणालात. घर तर उघड्या विटांचं आहे, अजिनाथराव. चुना शेततळ्यात पडलाय. मासे रोगानं मेले की तळं रिकामं करून तळाला चुना मारतात. तुमच्या तळ्यातलं पाणी कुठं सोडलंत?"

तळ्यापासून निघालेला ओढा तलावात येतो, हे तिथं पोराटोरांनाही माहीत होतं.

"माझी समदी मरळ मेली हुती," अजिनाथ अखेर पुटपुटला. "वाटलं, एवढ्या मोट्या पान्यात कळतंय कुनाला..."

मालनबाईची होडी राहिली. पण ती आनंदली नाही. एंजेलाला होडीकडे नेत तिनं दबक्या आवाजात विचारलं, "म्या सोडलेल्या माशांनी दुसऱ्यांना लागन झाली आसंल का?"

खोटं बोलणं सोपं होतं. एंजेलाला तो मोह झालाही.

"थोडी झाली असेल, मावशी."

एंजेला नमुन्यांची बादली घेऊन होडीत चढली. मालनबाईनं होडी पाण्यात घातली, जाळं ओढलं. फोडाची मरळ हातात आली तेव्हा सवयीनं ती कपाळाला लावली, दगडांकडे पाहिलं. हात पाण्यापर्यंत नेला.

मग तिनं ती मरळ एंजेलाच्या बादलीत ठेवली.

"ह्यो बी मोजा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.