आतली पट्टी

"अहो, ऐकलंत का!"

भर रस्त्यात धाकटीच्या तोंडून हे निघालं आणि चार नवरे मागे वळले. ज्याच्यासाठी हाक होती तो मात्र आपल्याच तंद्रीत, लांब ढांगा टाकत पुढे चालला होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीचं कापड फाडून एक चकचकीत पातं बाहेर डोकावत होतं, आणि त्याच्या मागून चालणाऱ्या एका बाईंच्या नाकापासून ते फार तर हातभर लांब होतं.

धाकटी धावत पुढे झाली. "अहो, तुमच्या पाठीतून कुऱ्हाड बाहेर आलीय."

"परत?" तो इतक्या सहज म्हणाला, की जणू घरातलं मांजर पुन्हा गच्चीवर गेलं होतं. त्याने पिशवी उतरवली. आत वर्तमानपत्र, त्यात टॉवेल, त्यात जुन्या स्वेटरची एक बाही, आणि ते सगळं कापून बाहेर आलेली हातभर दांड्याची छोटी कुऱ्हाड.

"म्यान नाही हिला?"

"मिळत नाही. रानात तंबू ठोकून राहायचं तर ही लहानच बरी पडते. पण म्यानं मिळतात ती मोठ्या कुऱ्हाडींची. त्यात ही पोहते."

"मग शिवून घ्या."

"कोण शिवतं असलं काही?"

धाकटीने नुसतं बोट वर केलं. ते दोघे ज्या पाटीखाली उभे होते, त्या पाटीवर लिहिलं होतं: चामड्याची सर्व कामे.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर पट्टे, खिडकीपाशी कामाचा लांब पाट, हवेत मेणाचा आणि नव्या चामड्याचा वास. कोपऱ्यात चष्मा कपाळावर चढवून धाकटीचे बाबा पिशव्यांचे बंद शिवत बसत. बाबांना गिऱ्हाइकांचं बोलणं हल्ली कमी ऐकू यायचं. मुलीचं आणि एखाद्या तरुण गिऱ्हाइकाचं मात्र स्वच्छ ऐकू यायचं.

धाकटीने पाटावर खाकी कागद पसरला, त्यावर कुऱ्हाड आडवी ठेवली आणि कडेकडेने पेन्सिल फिरवली. तो दांडा धरून होता. पेन्सिल त्याच्या अंगठ्यापाशी आली आणि थांबली.

"बोट काढा. नाहीतर म्यानात तेही बसेल."

"बसू दे. कागदावर तेवढंच राहील इथे."

कोपऱ्यात बाबांना खोकला आला.

तो डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता. पडलेली झाडं तोडायची, वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा रचायच्या, रात्री तंबूत. गुरुवारी सकाळी साडेनऊच्या बसने तो निघणार होता, चार महिन्यांसाठी. आज शनिवार. साधं म्यान, सरळ काम, धाकटी म्हणाली, "बुधवारी न्या."

मापं एकदा घेतली की गिऱ्हाइकाचं काम बुधवारपर्यंत संपतं. हा सोमवारी आला, चामड्याचा रंग विचारायला. चामडं एकाच रंगाचं होतं. मंगळवारी आला, बटण कुठल्या बाजूला येणार ते विचारायला. बटणाला एकच बाजू होती. बुधवारी तर तो जेवण होताच आला आणि पाटासमोरच्या बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लावून बसला.

"तुम्हाला सगळे धाकटी का म्हणतात?"

"थोरली आहे म्हणून."

"ती कुठे असते?"

"लग्न होऊन गेली."

"आणि धाकटी?"

"धाकटी म्यान शिवतेय. उजेडातून बाजूला व्हा."

तो सरकला. जेमतेम वीतभर. तिने चामड्याचे दोन तुकडे गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात अडकवले, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवल्या. आरीने छिद्र पाडायचं, दोन्ही बाजूंनी सुया घालायच्या आणि हात पसरून दोरा ओढायचा. प्रत्येक टाक्याला तिचे हात कुणाला मिठीत घ्यावं तसे उघडत होते, आणि समोरचा तिथेच बसून होता.

"दोन सुया कशाला?"

"एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो."

"आणि दोघी एकाच छिद्रातून जातात? भांडत नाहीत?"

"वाट एकच असली की जमवून घ्यावंच लागतं."

बोलून गेली आणि कान तापले. पुढचे दहा टाके तिने मान वर केली नाही.  तो मधूनच मेणाचा गोळा तिच्या हाताशी सरकवायचा... तिने मागायच्या आधी.

संध्याकाळी म्यान तयार झालं. त्याने कुऱ्हाड आत सरकवली, बटण लावलं, काढलं, परत लावलं. चांगली पाच मिनिटं तो बटणाशीच खेळत राहिला.

"बरं... मग येतो."

"या," धाकटी म्हणाली.

एवढ्या गोड दुपारची सांगता अशा दोन भिकार शब्दांनी झाली. तो गेला. बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मुलीकडे बघितलं आणि परत कपाळावर चढवला.

गुरुवारी सकाळी धाकटी पाट आवरत होती. तिने खाकी कागद उचलला. कागदाखाली चामड्याची एक पट्टी होती. बोटभर रुंद, पात्याच्या वळणावर नीट कापलेली, कडेला तासलेली. तिनेच मंगळवारी कापलेली.

म्यान शिवताना दोन तुकड्यांच्या मध्ये धारेच्या बाजूने अशी पट्टी घालतात. धार पट्टीवर टेकते, टाक्यांवर नाही. पट्टी नसेल तर धार दोऱ्यावर बसते. चालताना कुऱ्हाड हलते, एकेक टाका कापत जाते. आणि एक दिवस म्यान उघडं, कुऱ्हाड मांडीपाशी, आणि डोंगरात दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर.

"बाबा..."

बाबांनी पट्टी हातात घेतली. "शिवायला लागून किती वर्षं झाली तुला?"

"नऊ."

"याआधी कधी विसरलीस?"

"कधीच नाही."

"हं," बाबा म्हणाले. मग पट्टी, सुया, दोरा, आरी, मेण एका कापडात गुंडाळून त्यांनी तिच्या हातात दिलं. "सव्वानऊ झालेत. पळ."

धाकटी पळाली. बस फुरफुरत उभी होती. कंडक्टर दारात होता.

"ताई, आत या नाहीतर बाहेर राहा, दारात थांबू नका."

ती आत घुसली. तो मागून चौथ्या बाकावर खिडकीशी होता.

"कुऱ्हाड काढा!" धाकटी ओरडली.

अख्खी बस चिडीचूप झाली. पुढच्या एका आजोबांनी हळूच पिशवी मांडीवर घेतली.

"म्यान... म्यान चुकलंय. आतली पट्टी राहिली. आधी कुऱ्हाड टॉवेलात गुंडाळा आणि म्यान द्या इकडे. तासाभराचं काम आहे."

"बस दहा मिनिटांत सुटेल."

"मग पुढच्या थांब्याला उतरते."

ती त्याच्या शेजारी बसली आणि टाके उसवू लागली. पुढचा थांबा आला. "पुढच्याला," ती म्हणाली. तो आला. "पुढच्याला." कंडक्टरने आपला हिशेब सोडून दिला आणि तिला सरळ शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून दिलं.

लाकडी चिमटा दुकानात राहिला होता. म्हणून त्याने दोन्ही तळहातांमध्ये म्यान दाबून धरलं. गाडी थांबली की ती आरी चालवायची, रस्ता गुळगुळीत लागला की सुया. हात पसरायला जागा नव्हती. प्रत्येक टाक्याला तिचं कोपर त्याच्या छातीला लागत होतं.

"सॉरी."

"असू दे."

बाराव्या "सॉरी"नंतर ती म्हणायची थांबली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "असली चूक नेहमी होते?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा."

"मग कालच कशी?"

दोरा ओढता ओढता ती थांबली. खोटं बोलायला सोपं होतं. उजेड कमी होता, घाई होती, डोकं दुखत होतं. पण त्याचे हात तिच्या सुयांच्या इतके जवळ होते आणि इतके निश्चिंत होते...

"काल समोर कुणीतरी बसलं होतं."

"मी नुसता बसलो होतो. काही केलं नाही."

"तेच तर."

तो खिडकीबाहेर बघू लागला. म्यान मात्र त्याने जराही सैल सोडलं नाही. "बटणाला एकच बाजू असते," तो म्हणाला, "हे मला माहीत होतं."

"मला माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बुधवारी आला नसतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी समाधानाचा सुस्कारा सोडला.

शेवटचा थांबा डोंगराच्या पायथ्याशी होता. उजाड माळ, एक झाड, एक दगडी कट्टा. "खाली जाणारी गाडी इथेच मिळेल, ताई. पाऊण तासात," कंडक्टर म्हणाला. "आणि तुम्ही, दादा, वरच्या गाडीत बसा. ती बघा, तयार उभी आहे."

अकरा टाके बाकी होते.

"वरची दुसरी गाडी कधी?" त्याने विचारलं.

"दोन तासांनी."

तो पिशवीसकट कट्ट्यावर बसला आणि तळहात पुढे केले. वरची गाडी धूळ उडवत निघून गेली. धाकटीने अकरा टाके घातले. एरवी त्यांना पाच मिनिटं लागतात; तिने वीस लावली. शेवटी गाठ मारून तिने कुऱ्हाड म्यानात सरकवली. धार पट्टीवर अलगद टेकली. तिने म्यान उलटसुलट करून हलवलं, झटकलं. टाका जागचा हलला नाही.

"आता घाबरायचं कारण नाही," ती म्हणाली.

"मला एका गोष्टीची भीती आहेच." तो कुऱ्हाडीकडे बघत म्हणाला. "चार महिन्यांनी खाली उतरलो की दुकानात येईन म्हणतो. बाबांना एक विचारायचं आहे."

"बाबांना?"

"हो."

"जिला विचारायचं ती इथे बसलीय. बाबांना कमी ऐकू येतं."

तो हसला. मग हसणं गेलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डोंगर फोडून वाटा काढणारा माणूस, पण दोन शब्दांसाठी त्याला तीनदा घसा खाकरावा लागला.

"माझ्याशी... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"हरकत नाही."

खालची गाडी वळणावर दिसली. ड्रायव्हरने कट्ट्यावर दोन माणसं बघून वेग कमी केला, मान बाहेर काढली, कुणी हात करतं का बघितलं. धाकटीचे दोन्ही हात मांडीवर होते. एक तिच्या स्वतःच्या ताब्यात नव्हता. गाडी क्षणभर रेंगाळली आणि पुढे निघाली.

"ही तुमचीच होती ना?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "गेली."