सोनपेठच्या वाटेवरची बाई

भर दुपारी बाराच्या सुमारास योगीराजची नवी गाडी पाथरीहून सोनपेठच्या वाटेला लागली. शेजारी पंडित बसला होता, त्याच्या शेतावरचा सालगडी. काम साधंच होतं. ठाण्यात जाऊन पंडितनं जबाब द्यायचा, बाई अचानक आडवी आली, एवढंच म्हणायचं.

बाई म्हणजे कडूबाई, ऊसतोडीला आलेली. वीस दिवसांपूर्वी ती उसाच्या शेंड्यांचा, वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेकडेनं चालली होती. वाढे पार कमरेखाली लोंबत होते. ही गाडी आपली आपण चालते आणि समोर माणूस दिसला की आपोआप थांबते म्हणे. त्या हिरव्या भाऱ्याखाली गाडीला माणूस दिसलाच नाही, आणि कडूबाई जागीच गेली. आणि स्टेअरिंगमागे बसलेला योगीराज? तो सीटवर मांडी घालून मोबाइल बघत होता. हे पाहिलेला, शेजारी बसलेला पंडित एकटाच. कडूबाईचा नवरा मुंजाजी रोज ठाण्याच्या पायरीवर बसून त्याचीच वाट बघत होता.

पंडितचा जीव आणखी एका गोष्टीनं जळत होता. गाडी घरी आली त्या दिवशी योगीराजनं पाहुण्यांपुढं त्यालाच रस्त्यात उभं केलं होतं. तीनदा गाडी अंगावर आणली, तिन्ही वेळा ती हातभर अंतरावर थांबली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. माणसाचा जीव काय टाळ्यांसाठी पणाला लावायची वस्तू आहे? पण तेव्हापासून मालकानं ब्रेकवर पाय ठेवणंच सोडलं.

कडूबाई गेली ते वळण आलं. दोन्ही अंगांना उंच ऊस, पान हलत नव्हतं. काचा बंद होत्या, तरी आत ओल्या वाढ्यांचा गोडसर वास भरला. गाडी कचकन थांबली.

स्टेअरिंगशेजारच्या पडद्यावर माणसाची करडी आकृती उमटली होती. गाडीला समोर जे दिसतं ते त्यावर उमटायचं. समोर रस्ता मोकळा होता.

"कुणी न्हाई की..." योगीराज पुटपुटला. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी नुसतीच गुरगुरली, जागची हलली नाही.

"मशीन बिघडलंय. उतर, म्होरं जाऊन बघ."

पंडितच्या अंगावर काटा आला होता. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"मालक, त्या दिवशी जित्ती बाई व्हती, तर हिला दिसली न्हाई. तवा तुमी मशीनच खरं धरलं. आज दिसायलीय, तर मशीन बिघडलं?"

"हळू बोल..."

"जबाब देतो मी. पर झालं तेच सांगतो. ती कडंनं चालली व्हती."

तो उतरला आणि सोनपेठकडं पायी निघाला.

थोड्या वेळानं मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पण ती जवळ येईना. अंतर राखून, माणसाच्या चालीनं, ती मागं मागं येत राहिली. ऊस संपला तरी वास सरला नाही. मग पंडितचा मोबाइल वाजला.

"पंडित..." मागच्या गाडीतून योगीराज बोलत होता. "तू एकटाच चाललास न्हवं?"

"हो. का?"

"पडद्यावर दोघं दिसायलेत..."

पंडितनं मान वळवली नाही. तो एक पाऊल डांबराकडं सरकला आणि कडेची बाजू मोकळी सोडली.