आयरीनबाईंचा मंगळवारचा वर्ग

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा चक्क गुडघ्यांवर बसून माझ्या खोलीची मापं घेत होता. बाहेर डेट्रॉइटचा ऑक्टोबरातला तिरपा, बोचरा पाऊस... त्याच्या कोटावरून निथळणारं पाणी माझ्या टेपरेकॉर्डरच्या वायरींपाशी साचत होतं.

कोण आपण, असं मी कडक इंग्रजीत विचारलं. त्यानं मान वर केली, टेबलावरची ‘पद्मजा लिमये’ ही पाटी वाचली आणि एकदम खुलला.

"मराठी? अरे वा! मी उल्हास देशकर. इथं ट्रॉयमध्येच जॉब करतो. जानेवारीपासून तुमच्या कॉलेजात कम्प्युटर ड्राफ्टिंग शिकवणार आहे. डीन म्हणाले, ही रूम मोकळी होतेय."

"मोकळी? मंगळवारी संध्याकाळी इथं ओजिब्वे शिकवतात."

"ओजिब्वे... म्हणजे?"

"ज्या जमिनीवर तुम्ही पाणी सांडताय ना, तिथली मूळची भाषा!"

तो इतका खजील होऊन हसला, की मला रागावून राहणं अवघड जाऊ लागलं. तरी मी नेटानं रागावून राहिले.

घाबरले होते, हे खरं. नोव्हेंबरात वर्गाचा खुला कार्यक्रम होता. तो बघून डीन ठरवणार होते, वर्ग ठेवायचा की बंद करायचा. वर्गातल्या निम्म्या मुली नर्सिंगच्या मदतनीस होणार होत्या. उत्तरेकडच्या दवाखान्यांत म्हातारे पेशंट आपलं दुखणं ओजिब्वेतच सांगत. बाकीची मुलं डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत राबलेल्या ओजिब्वे कुटुंबांतली. त्यांच्या आजी-आजोबांना ही भाषा बोलल्याबद्दल शाळेत मार बसला होता, म्हणून त्यांनी ती घरात बोलणंच सोडलं. आता साठी उलटलेल्या आयरीनबाई ती शिकवत होत्या आणि भाषावर्गांच्या या खोलीची देखरेख करणारी मी त्यांच्या आवाजाच्या टेप सांभाळत होते. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा जास्तच जीव लावला होता मी त्या वर्गाला.

पुढच्या मंगळवारी उल्हास पुन्हा हजर. मापं चुकली म्हणे! त्याच्या पुढच्या मंगळवारी तर त्याच्या हातात मोजायची टेपसुद्धा नव्हती.

"आज काय मोजायचं राहिलं?" मी विचारलं.

"आज नुसतं ऐकतो... चालेल?"

आयरीनबाईंनी त्याला सरळ पहिल्या रांगेत बसवलं. तो उच्चार करायचा आयरीनबाईंच्या मागून, पण बघायचा माझ्याकडे — आणि हमखास चुकायचा. मग बाई टेबलावर पेन्सिल आपटायच्या. वर्ग संपला की तो मशिनं कपाटात ठेवायला मदत करायचा आणि पार्किंगपर्यंत माझ्यावर छत्री धरायचा. रविवारपासूनच मी मंगळवारची वाट बघायला लागले होते... कुणाला सांगू नका!

आणि मग मी घोळ घातला. खुल्या कार्यक्रमाची पोस्टर्स मीच रंगवली — ‘आयरीनबाईंच्या तोंडून ओजिब्वे गोष्टी’. कॉलेजभर लावली. खोली खच्चून भरली, डीन येऊन बसले. बाईंनी पोस्टर वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "बर्फ कुठं आहे?"

या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. मी विचारलंच नव्हतं!

"एखादी छोटीशी..."

"नाही, पोरी," त्या मायेनं म्हणाल्या.

डीन घड्याळ बघत होते. आता वर्ग जाणार, आणि तोही माझ्यामुळे.

तेवढ्यात उल्हास उठून माझ्यापाशी आला. "पद्मजा, श्रावणातली कहाणी तुमची आई पौषात सांगेल का?"

"छे!"

"मग यांना कशाला गळ घालताय? बर्फाशिवाय काय चालतं ते विचारा ना!"

मी विचारलं. आयरीनबाई डोळे मिचकावून म्हणाल्या, "दवाखाना चालतो."

उल्हास लगेच पेशंट होऊन टेबलावर आडवा झाला. डेनिस नावाची आमची मुलगी नर्स झाली आणि तिनं ओजिब्वेत विचारलं, कुठं दुखतंय? त्यानं डोक्यावर हात ठेवला. मग पोटावर. मग छातीवर डावीकडे — आणि माझ्याकडे पाहिलं... खोलीत हशा पिकला. मी उगाचच एक गुंडाळलेली टेप पुन्हा गुंडाळायला लागले.

डेनिसचे आजोबाही हसत होते. जन्म कारखान्यात गेलेला, घरात ओजिब्वेचा एक शब्द कधी उच्चारला नव्हता. डेनिस त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि तिनं तोच प्रश्न त्यांना विचारला. गुडघ्यावर हात ठेवून ते एक शब्द बोलले... आणखी एक... आणि मग थांबेचनात. डेनिसला अर्धंही कळत नव्हतं, ती रडत रडत नुसती मान हलवत होती. मलाही रडू आवरलं नाही.

"वर्ग राहील," निघताना डीन म्हणाले. "पण खोली..."

"खोली त्यांनाच राहू द्या," उल्हास म्हणाला. "मी सकाळी सातला शिकवतो. रात्रपाळी सुटलेले लोक यायला तयार आहेत. मी विचारून आलोय."

खोली रिकामी झाली. तो वायरी गुंडाळत होता, आणि एकच वायर तिसऱ्यांदा गुंडाळत होता.

"मी आयरीनबाईंकडे एक वाक्य मागितलं होतं," तो म्हणाला. "ओजिब्वेत. तुम्हाला सांगायला."

"मग?"

"रागावल्या ना! म्हणाल्या, तुझी आई तुला ज्या भाषेत हाक मारते, तीत सांग. नाहीतर गप्प बस."

"मग सांगा की..."

"अवघड आहे हो! इंग्लिशमध्ये पटकन होऊन जातं, यार..."

मी थांबले.

"पद्मजा... मला तू फार आवडतेस. माझ्याशी लग्न करशील?"

दारात खाकरल्याचा आवाज आला. पर्स विसरल्याचं निमित्त करून आयरीनबाई उभ्या होत्या. मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी उल्हासला म्हणाल्या, "काय म्हणाली ती?"

"अजून काहीच नाही!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मी त्याच्या हातातली वायर काढून घेतली.

"हो रे! पण सकाळी सातला क्लास तुझा... चहा तू करायचास."