सतरा शेंदरी दगड

करवंदांना निघालेली तिघं देवराईपाशी येऊन थबकली, कारण जांभळाच्या सावलीत कंपनीची जीप उभी होती आणि दोन्ही पाय दाराबाहेर काढून बिभीषण साहेब आत आडवे पडले होते.

"आले बघा मोजणीवाले," पंकजा नाक मुरडत म्हणाली.

पंकजा बारा वर्षांची. तिला कामचुकार माणसांचा भारी तिटकारा, आणि हा साहेब तर त्यातला नंबर एकचा. आठ दिवसांपूर्वी हिरडेवाडीत आला तो भाषण ठोकतच. कंपनी पामची रोपं देणार, झाडं मोठी झाली की फळांचं तेल काढणार, आणि हे तेल घेणारे लोक इतके काटेकोर की ज्यापायी एकही रान तुटलेलं नाही तेवढंच तेल घेणार. म्हणून प्रत्येक शेताची हद्द पायी फिरून मोबाईलमध्ये नोंदवायची. 'पायी फिरून' हे शब्द त्यानं तीनदा उच्चारले होते. पंकजाच्या आजोबांना, कारभारींना, ते पटलं. अर्ध्या एकरात पाम लावायला ते तयार झाले. पण जीप ते चहाची टपरी यापलीकडे साहेबाला चालताना आठ दिवसांत वाडीतल्या एकाही माणसानं पाहिलं नव्हतं.

साहेबानं बोटानंच तिघांना जवळ बोलावलं. नावं विचारायची तसदी त्यानं घेतली नाही. करणच्या हातात मोबाईल दिला, पंकजाच्या हातात बिस्किटांचा पुडा, आणि काम समजावून सांगितलं. कारभारींच्या बांधापासून सुरू करायचं, राईच्या पलीकडून वळसा घालून परत यायचं, सगळं मिळून एकच मोठं वर्तुळ. प्रत्येक कोपऱ्यावर फोटो काढायचा, पण झाडांकडे पाठ करून. मोबाईलनं विचारलं की 'पडीक' दाबायचं. शेवटी टेकडीवर रेंज येते तिथून पाठवून द्यायचं.

"राई बी आत धरायची?" पंकजानं विचारलं.

"राई कसली त्यात? झाडझाडोरा नुसता. कंपनीनं दिलेल्या आकड्याला मला नऊ एकर कमी पडतायत. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही फक्त चाला."

एवढं बोलून त्यानं तोंडावर रुमाल टाकला.

तिघं पुढं आली. पंकजाच्या धाकट्या भावानं, आठ वर्षांच्या समर्थनं, आधी पुड्याकडे हात नेला आणि पंकजाची चापट खाल्ली. ती रागानं लाल झाली होती. राईच्या पोटात झरा होता. मे महिन्यात विहिरींनी तळ गाठला की अख्ख्या वाडीचे हंडे तिथंच भरायचे. राई एकदा पडीक म्हणून लिहिली गेली, की पावसाआधी यंत्र येणार, झाडं जाणार आणि मागोमाग झराही. त्या झाडझाडोऱ्याचं पाणी साहेब रोज चहातून पीत होता, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं.

करण तिचा आतेभाऊ, संगमनेरहून सुट्टीला आलेला. आजोबांना सांगू या, असं त्याचं म्हणणं पडलं. पंकजानं मान हलवली. आजोबा येतील, भांडतील, साहेब गोड बोलून त्यांना परत पाठवील आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या हवी तशी रेघ मारील. आता मोबाईल हातात होता, तो पुन्हा कधी मिळणार?

"त्यानं मोजायला सांगितलंय ना?" ती म्हणाली. "मग मोजू. पर नीट मोजू."

आधी त्यांनी आजोबांचं आणि राईला लागून असलेली आणखी तीन शेतं बांधाबांधानं फिरून नोंदवली. मग राईपाशी येऊन चपला काढल्या. राईच्या कडेनं सतरा दगड होते, शेंदूर लावलेले. चैत्रातल्या जत्रेला सगळी वाडी त्यांच्या बाहेरून अनवाणी फेरी घालायची, त्यामुळे पंकजाला ते डोळे मिटूनही सापडले असते. साहेबाला मात्र राईला हद्द असते हेच ठाऊक नव्हतं.

जमीन तव्यासारखी तापली होती. समर्थ एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत दगड मोजत होता आणि प्रत्येक दगडापाशी बिस्किटांची आठवण करून देत होता. करण फोटो काढायचा, झाडांकडे तोंड करून. मोबाईल विचारायचा, 'झाडे आहेत का?' करण 'होय' दाबायचा. सतराव्या दगडावर वर्तुळ पुरं झालं आणि मोबाईलनं विचारलं, शेत, पडीक की जंगल?

"जंगल," पंकजा म्हणाली.

पुढचा प्रश्न वाचून मात्र करण हसायलाच लागला. मोजणी करणाऱ्याचा जागेवरचा फोटो पाहिजे होता.

तिघं पाय न वाजवता जीपपाशी गेली. रुमाल कधीच खाली पडला होता. साहेबाचं तोंड सताड उघडं होतं आणि त्यात माशी जाऊ की नको असा विचार करत होती. करणनं फोटो काढला. मग टेकडीवर जाऊन, एकदा पाठवलेली मोजणी बदलता येणार नाही ही सूचना नीट वाचून, पंकजानं स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

चार वाजता साहेब उठला. झालं का, विचारलं. झालं. पाठवलं का, विचारलं. पाठवलं. मोबाईल न बघताच त्यानं खिशात घातला.

चौथ्या दिवशी नगरहून राजेश्वरी मॅडम आल्या. त्या साहेबाच्याही साहेब. शाळेच्या वर्गात वाडी जमली आणि मॅडमनी नकाशा भिंतीवर दाखवला. कडेनं चार शेतं आणि मधोमध हिरवीगार राई, सतरा कोपऱ्यांची. नकाशा बघताच बिभीषण साहेबाचा चेहरा उतरला.

"इतकी चोख मोजणी मी अजून पाहिली नव्हती," मॅडम म्हणाल्या. "तुमचीच ना?"

साहेबानं एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा पंकजाकडे. नाही म्हणावं तर मग कोण फिरलं, ते सांगावं लागणार होतं.

"माझीच, मॅडम."

"सतराही दगड पायी फिरलात?"

"पायीच. उन्हातान्हात."

मॅडमनी शेवटचा फोटो भिंतीवर लावला. भिंतभर साहेब घोरत होता. आधी समर्थ खिदळला आणि मग सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. पंकजा तेवढी हसली नाही. तिला तो माणूस हसण्याच्याही लायकीचा वाटत नव्हता.

मॅडमनी विचारल्यावर तिनं सगळं खरं सांगितलं, नऊ एकरांसकट. मॅडमनी तिथल्या तिथं निकाल दिला. मोजणी आहे तशीच राहील, राईत एकही रोप लागणार नाही आणि साहेबांनी केलेली बाकीची कामं कंपनी पुन्हा तपासेल. मात्र मुलांची सही चालत नाही, तेव्हा बिभीषण साहेब आत्ताच सतरा दगड फिरून सही करतील आणि त्या स्वतः बरोबर येतील.

"बूट काढून बरं का," कारभारी आजोबा म्हणाले. "राईभवती आमी तसंच चालतो."

मग ते पंकजाकडे वळले. गंमत करणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"पोरी, त्यानं कागद पुढं केला आसता तर आमी मोठ्यांनी न बघताच सही ठोकली आसती. तुमी बघितलंत. लई मोठं काम केलंत."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. साहेब पहिल्या दगडापाशी मोजे काढत होता आणि तापलेल्या जमिनीवर पाय टेकवायला धजत नव्हता. पंकजा त्याच्याजवळ गेली. तिच्या हातात बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला. समर्थनं चार दिवस त्याच्यासाठी तिचं डोकं खाल्लं होतं.

"हे तुमचं ठेवा, साहेब," ती म्हणाली. "चालनाऱ्याला भूक लागती."