कॉन्रॅडमामाने सांगितलेली वेळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण १९९८च्या नोव्हेंबरात, माणिकपूरजवळच्या आमच्या गावात हे घडलं. ज्याला खोटं वाटतं, त्याने माझ्या बाबांच्या दफनाला कोण आलं होतं ते गावात विचारावं.

कॉन्रॅडमामा सख्खा नव्हे, अख्ख्या गावाचा मामा. त्याचं काम एकच. गावात कुणी गेलं की दारोदार खबर द्यायची. ओट्यावर काठी आपटायची... मयताचं नाव सांगायचं, दफनाची वेळ सांगायची. आतून "ऐकलं" आल्याशिवाय तो हलायचा नाही.

चाळीस वर्षांत एकदाही वेळ चुकली नाही.

बाबा चर्चच्या कमिटीवर होते. "मी आहे तोवर तुझं काम जाणार नाही," असा शब्द त्यांनी मामाला दिला होता. आणि त्यांनीच मयताची खबर द्यायला चर्चवर भोंगा बसवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मामा अर्नाळ्याला बहिणीकडे निघून गेला. ऑगस्टमध्ये तिथेच वारला. बहिणीचा, सालोमीचा, आमच्याकडे फोन आला, "गावाला सांगा हां."

बाबा "हो" म्हणाले. पण भोंग्यावरून त्याचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली.

मीही गप्प बसले.

मामाच्या दफनाला गावातून कुणीच गेलं नाही.

नोव्हेंबरात बाबा मुंबईच्या इस्पितळात वारले. सकाळीच भोंग्यावरून सांगितलं, दफन आज चार वाजता. पेटी थेट चर्चमध्ये आणली.

चार वाजले...

बाकं रिकामी.

साडेचार...

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त लांब कुठेतरी काठी आपटल्याचा आवाज... मग थोडा पुढे... मग आणखी पुढे.

फादर, आई, मी आणि पेटीबरोबर मुंबईहून आलेले चौघे. एवढ्यांनीच बाबांना माती दिली. ज्या गावासाठी ते आयुष्यभर धावले, ते गाव असं उलटलं? मला रडूही येईना, इतका राग आला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कबरीवर मेणबत्ती लावायला गेले, तर अख्खं गाव फुलं घेऊन चर्चच्या दारात उभं.

"अगं, दार बंद कसं?" शेजारच्या हेलन मावशीने विचारलं.

"मावशी, दफन काल झालं. भोंग्यावर सांगितलं होतं ना!"

"सांगितलं. पण मागून कॉन्रॅड आला ना ओट्यावर. म्हणाला, वेळ बदलली, उद्या चारला. तो कधी चुकलाय का?"



"मावशी... कॉन्रॅडमामा ऑगस्टमध्येच वारला."



"मग आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही गं?"



आजही गावात कुणी गेलं की भोंग्यावर ऐकलेली वेळ मी चर्चमध्ये जाऊन पुन्हा विचारून येते.